घरी शिकविणाऱ्या कुटुंबांना मान्यता : कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

'मूल शाळेत जात नाही' असे ऐकले की आपल्या मनात दोनच कारणे येतात : घरची गरिबी किंवा पालकांची बेफिकिरी. परंतु काही कुटुंबे विचारपूर्वक आपल्या मुलांना घरीच शिकवितात, तर काहींना मुलाच्या तीव्र दिव्यांगत्वामुळे तसे करावे लागते. अशा कुटुंबांना अधिकृत मान्यता आहे काय? गोंदिया जिल्ह्यात, देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या वनप्रदेशातील गावी, जिथे एकेका टोल्यावर मोजकीच घरे असतात, तिथल्या पालकांनाही हा प्रश्न लागू पडतो. म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

एक मराठी उदाहरण

घरी मिळालेल्या शिक्षणाचा जाहीर सन्मान महाराष्ट्राला नवा नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातनी विरोध पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. पुढे लक्ष्मीबाईंनी तेच ज्ञान आपल्या कन्येला दिले. ही कन्या म्हणजे १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई. शाळेची पायरी न चढलेल्या या तरुणीची विद्वत्ता पारखून १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी त्यांचे जीवन आपल्याला बोध देणारे आहे. विशेष म्हणजे घरी शिकलेल्या याच पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदासदन' ही शाळा उघडली. घर आणि शाळा यांत त्यांना वैर दिसले नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे जाहीरनामापत्र प्रसिद्ध केले. आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे त्यात स्पष्ट केले आहे. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ७९३ नुसार मुलांना शिक्षण देणे हा पालकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. त्याच वर्षी पोपपीठाने प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेतही हेच तत्त्व मांडले आहे. मात्र याचा अर्थ शाळा अनावश्यक आहे असा नव्हे. ख्रिस्तसभा शाळेला पालकांची साहाय्यक मानते; म्हणूनच आपल्या धर्मभगिनी व धर्मगुरू दुर्गम भागांतही शाळा चालवीत आले आहेत.

जगात या प्रश्नावर एकमत नाही. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळा सक्तीची केली, तेव्हा धर्मभगिनींच्या एका संस्थेने दाद मागितली आणि १९२५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात कुटुंबाला मुलाचे नैसर्गिक शिक्षक म्हटले असून घरी शिकविण्याची मुभा दिली आहे. परंतु अशा मुलांची शासनाकडे नोंद करावी लागते. उलट जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे.

भारतीय कायदा काय म्हणतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे कलम १० नुसार पालकांचे कर्तव्य आहे. त्यात कसूर केल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकविणाऱ्या पालकांचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा स्वेच्छेने घरी शिकविण्याच्या आड हा अधिनियम येत नाही, अशी भूमिका केंद्र शासनाने २०१२ साली मांडली. तथापि अशा कुटुंबांची नोंदवही वा प्रमाणपत्र या अधिनियमात नाही. म्हणजे येथे सूट आहे, पूर्ण मान्यता नाही.

एका गटाला मात्र कायद्याने नाव घेऊन मान्यता दिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येतो. हा मुलाचा हक्क आहे. शाळेने हात झटकण्याची ती सबब नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. 'याला घरीच ठेवा' असे कोणी सांगितल्यास पालकांनी नम्रपणे, पण ठामपणे या तरतुदी दाखवाव्यात आणि पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा.

परीक्षेची वाट

इतर मुलांसाठी मान्यता मिळते ती परीक्षेच्या मार्गाने. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तीन प्राथमिक पातळ्या तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष आहेत. १४ वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या दहावीला नाव नोंदविता येते आणि हा अभ्यासक्रम मराठीतूनही आहे. राज्य मंडळाची दहावी-बारावी 'फॉर्म १७' भरून खासगीरीत्या देता येते. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळातही पाचवी, आठवी, दहावी व बारावीच्या परीक्षांची सोय केलेली आहे. घरचा प्रयत्न साधला नाही, तर कलम ४ नुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश घेता येतो.

सावधगिरी

रोवणीच्या किंवा मोहफुले वेचण्याच्या दिवसांत धाकट्यांना सांभाळण्यासाठी मुलीला घरी ठेवणे म्हणजे गृहशिक्षण नव्हे. जिथे ठरलेला वेळ, पुस्तके आणि शिकविणारी व्यक्ती नाही, तिथे मूल शिक्षणापासून वंचित राहते. मुलाचे नाव कोठेच नोंदलेले नसेल, तर पुढे दाखल्याच्या प्रत्येक टप्प्यावर त्याची अडवणूक होते. म्हणून घरी शिकविणाऱ्या पालकांनी जन्मदाखला जपावा, रोजच्या अभ्यासाची वही ठेवावी आणि परीक्षेची नोंदणी वेळेवर करावी.

धर्मग्रामाचेही येथे कर्तव्य आहे. खाटेला खिळलेल्या मुलाला शिकविणारी आई ही शिक्षिकाच आहे. तिला आठवड्यातून दोन तास मदत करणारा एखादा निवृत्त शिक्षक वा महाविद्यालयीन तरुण देणे, त्या मुलाला प्रथम ख्रिस्तशरीराच्या तयारीत सामावून घेणे आणि पवित्र कुटुंबाच्या सणाला इतर शिक्षकांबरोबर त्या आईचाही उल्लेख करणे, ही मान्यता देण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. नाझरेथच्या घरात मरिया व योसेफ यांच्या सहवासात प्रभू येशू ज्ञानाने वाढला, याचे स्मरण ठेवून आपण अशा कुटुंबांच्या पाठीशी उभे राहू या.