ऐनवेळचा केक

सायंकाळच्या गाडीने पाहुणे डहाणू रोडला उतरणार आणि लेकराचा वाढदिवसही आजच, हे भर दुपारी ध्यानात आले, तरी ज्या घरात रवा, दही, साखर, तूप आणि खाण्याचा सोडा एवढे जिन्नस शिल्लक आहेत, तेथे केकची तजवीज दोन तासांत खात्रीने होते. रवा दह्यात अर्धा तास भिजवावा. दह्यातील लॅक्टिक आम्लाशी सोड्याची गाठ पडताच कार्बन डायऑक्साइड वायू बुडबुड्यांच्या रूपाने मुक्त होऊ लागतो. सबब सोडा सर्वांत शेवटी घालून मिश्रण विनाविलंब आचेवर चढवावे, अन्यथा वायू निसटून केक दडस होतो. भट्टी नसल्यास कुकरच्या तळाशी मीठ पसरावे, त्यावर स्टँड ठेवावे, मात्र शिटी व रबरी रिंग अवश्य काढावी, कारण येथे कोंडलेली वाफ नव्हे, कोरडी उष्णता हवी. त्या उष्णतेने बुडबुडे प्रसरण पावतात, रव्यातील पिष्टकण पाणी शोषून फुगतात आणि जाळी कायम होते. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्याचा पिकलेला गर मिसळल्यास साखर निम्मी पुरते, आणि बाजारच्या कोणत्याही सुगंधी अर्काहून तो स्वाद मला श्रेष्ठ वाटतो. मधोमध टोचलेली सुरी कोरडी निघाली की केक उतरवावा, परंतु निवल्याखेरीज कापू नये.