वाजवणारा दिसतो, वाजवणे दिसते का?

ढोलकीवर थाप पडताना दिसते आणि त्याच क्षणी ऐकू येते. हात जोरात आला की आवाज मोठा, हेही आपण नकळत ताडून पाहत असतो. मंचावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या कलाकाराच्या बाबतीत हा पडताळा तुटतो. बोट एकदा हलते आणि चार मिनिटांचे संगीत सुरू होते. कधी बोटे सारखी हलतात आणि कानाला फरक कळत नाही. हा वाजवतो आहे की आपली पत्रे वाचतो आहे, अशी थट्टा होते ती यामुळेच.

संगणक वाद्यासारखा तत्काळ प्रतिसाद देऊच शकत नाही, असाही एक आक्षेप असतो. तो तपासून पाहू. संगणक ध्वनीचे नमुने एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्यांनी बाहेर पाठवतो. सेकंदाला 44,100 नमुने आणि 256 नमुन्यांचा एक गठ्ठा धरला, तर एका गठ्ठ्याला सुमारे 6 सहस्रांश सेकंद लागतात. इतर टप्प्यांत आणखी थोडा उशीर होतो, पण तोही फार नसतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 6 सहस्रांश सेकंदांत 2 मीटर. बँडमधील गिटारवादक ड्रमपासून दोन मीटरवर उभा असेल, तर त्यालाही ड्रम इतक्याच उशिरा ऐकू येतो. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही! (मैदानावर शंभर मीटरवरून एका मुलाला थाळी वाजवायला सांगा. 0.3 सेकंदाचा उशीर सहज जाणवेल; दोन मीटरवर तो मुळीच जाणवणार नाही.)

तेव्हा दोष वेगाचा नाही. आवाज कोठून येतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ड्रमचा आवाज ड्रममधूनच चहूकडे पसरतो. लॅपटॉपचा आवाज मात्र सभागृहाच्या भिंतीजवळच्या कर्ण्यांतून येतो. आठ जण वाजवत असले तर कोणता सूर कोणाचा? मोठ्या मैदानावर बँडचीही हीच गत होते, हे मान्य केले पाहिजे.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात 2005 साली डॅन ट्रूमन आणि पेरी कुक यांनी लॅपटॉपचा वाद्यवृंद सुरू केला, तेव्हा यावर उपाय योजला. प्रत्येक वादकाशेजारी स्वतंत्र अर्धगोलाकार ध्वनिवर्धक ठेवला. त्यात सहा कर्णे, निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले. त्यामुळे सूर ज्याचा त्याच्या जागेवरून येऊ लागला. आपले तबलावादक झाकिर हुसेन यांनीही या वृंदाबरोबर वादन केले होते.

दुसरा मार्ग 2004 पासून टॉपलॅप या गटाने पुढे आणला. यात कलाकार मंचावरच संगीताची आज्ञावली लिहितो आणि त्याचा पडदा मोठा करून सर्वांना दाखवतो. आज्ञावलीची भाषा किती प्रेक्षकांना येत असेल, ही शंका रास्तच. तरी 4 चा आकडा खोडून 3 लिहिला आणि पुढच्याच आवर्तनात ठेका बदलला, एवढे कोणालाही दिसते.