भूजल उपशाचे विनियमन आणि बाधित भूधारकांची नुकसानभरपाई : महाराष्ट्रातील कायद्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पाणी हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे. त्यामुळे भूजलाच्या उपशावर नियंत्रण आणणारा कायदा करण्याची प्राथमिक जबाबदारी राज्य विधिमंडळांवर येते. केंद्र शासनाने १९७० मध्ये या विषयावरील नमुना विधेयक राज्यांकडे पाठविले आणि पुढे १९९२, १९९६ व २००५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. तरीही बहुसंख्य राज्यांनी दीर्घकाळ कायदा केला नाही. या दिरंगाईचे कारण केवळ राजकीय उदासीनता नव्हते. ज्याच्या शेतातील विहिरीवर निर्बंध येणार, त्याचे नुकसान कोणी व कसे भरून द्यावयाचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणाकडेही नव्हते.

ग्रामीण भागातील महाविद्यालयात अध्यापन करताना हा प्रश्न विद्यार्थी फार सोप्या शब्दांत विचारतात : ‘विहीर आमच्या वावरात, खर्च आमचा, मग ती बंद करणारे सरकार कोण?’ त्याच वर्गात उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभा राहून आलेला विद्यार्थीही बसलेला असतो. या दोघांनाही न्याय्य वाटेल असे उत्तर कायद्याला देता येते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जमीन ज्याची, पाणी त्याचे

भूजलावरील खासगी हक्काची कल्पना इंग्रजी न्यायनिर्णयांतून आपल्याकडे आली. १८४३ च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात, स्वतःच्या जमिनीतून पाणी उपसल्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली तरी तो कायद्याने केलेला अपाय ठरत नाही, असे तत्त्व मान्य झाले. १८९५ मध्ये ब्रॅडफर्ड नगरपालिका विरुद्ध पिकल्स या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यापुढे जाऊन, उपसा करणाऱ्याचा हेतू दुष्ट असला तरीही त्याचा हक्क बाधित होत नाही, असे सांगितले. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ खालील उदाहरणांत हेच तत्त्व आले. निश्चित प्रवाहातून न वाहणारे, जमिनीखालील पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याचा विनियोग करण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे, असे हे उदाहरण सांगते. हा अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला.

हे तत्त्व मोटेच्या काळात फारसे घातक नव्हते, कारण बैलजोडीच्या शक्तीनेच उपशाला मर्यादा घातली होती. विजेचा पंप आणि पुढे विंधन यंत्र आल्यावर ही नैसर्गिक मर्यादा संपली. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टच्या कठीण खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगा-सांध्यांत. साठा उथळ, मर्यादित आणि एकमेकांशी जोडलेला असल्याने एका शेतातील खोल उपशाचा परिणाम दुसऱ्या शेतातील विहिरीवर होतो. म्हणजेच सातबाऱ्यावरील हद्द आणि जमिनीखालील पाण्याची हद्द या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायद्याने मात्र दीर्घकाळ पहिलीच हद्द ओळखली.

‘बाधित’ कोण?

नुकसानभरपाईचा विचार करताना ‘बाधित भूधारक’ हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरला जातो व त्यामुळे चर्चेत गोंधळ होतो. पहिल्या प्रकारचा बाधित म्हणजे ज्याचा उपसा शासन सार्वजनिक हितासाठी थांबवते तो. त्याचे नुकसान शासकीय आदेशामुळे होते. दुसऱ्या प्रकारचा बाधित म्हणजे दुसऱ्याच्या अमर्याद उपशामुळे ज्याची विहीर आटते किंवा पाणी दूषित होते तो. त्याचे नुकसान शासनाच्या आदेशामुळे नव्हे, तर आदेशाच्या अभावामुळे होते. पहिल्याची भरपाई शासनाने देणे अपेक्षित आहे, तर दुसऱ्याची भरपाई उपसा करणाऱ्याने दिली पाहिजे. आपल्या कायद्यांनी पहिल्याचा काही प्रमाणात विचार केला, दुसऱ्याचा जवळजवळ नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१९९३ चा अधिनियम

महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनार्थ विनियमन) अधिनियम, १९९३ हा राज्यातील या विषयावरील पहिला कायदा होय. त्याचे उद्दिष्ट नावाप्रमाणेच मर्यादित होते : सिंचनाचा उपसा सर्वत्र नियंत्रित करणे नव्हे, तर पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक स्रोत वाचविणे. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटर अंतरात नवीन विहीर घेण्यास त्याने प्रतिबंध केला. टंचाईग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या क्षेत्रात, अशा स्रोतापासून एक किलोमीटर अंतरातील विहिरींचा उपसा नियंत्रित करण्याचा अधिकार दिला. अतिशोषित पाणलोट क्षेत्र घोषित करण्याची, तसेच स्रोतावर विपरीत परिणाम करणारी विहीर तात्पुरती अथवा कायमची बंद करण्याची तरतूदही त्यात होती. या निर्णयांसाठी तांत्रिक सल्ला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा घ्यावयाचा होता. ही यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली.

भरपाईच्या दृष्टीने या अधिनियमाचे महत्त्व असे की, निर्बंध आणि मोबदला यांची सांगड त्याने घातली. विहीर तात्पुरती बंद केल्यामुळे उभ्या पिकाचे नुकसान झाल्यास भरपाई, आणि विहीर कायमची बंद केल्यास तिच्या मूल्याची भरपाई, असे त्याचे सूत्र होते. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाला असला, तरी कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, हे अनुच्छेद ३००-क मधील संरक्षण कायम आहे. हे लक्षात घेता विधिमंडळाने घेतलेली ही भूमिका दूरदृष्टीची म्हटली पाहिजे.

प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र निराशाजनक ठरली. संजीव फणसळकर आणि विवेक खेर यांनी २००६ मध्ये या अधिनियमाच्या पहिल्या दशकाचा आढावा प्रसिद्ध केला. कायद्याचा वापर अत्यल्प झाल्याचेच त्यातून दिसते. याची कारणे गावाच्या रचनेत शोधावी लागतात. अंमलबजावणीची सुरुवात गावातून येणाऱ्या तक्रारीने व्हावयाची. परंतु नळयोजनेच्या विहिरीशेजारी ज्याची बाग आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करणारा त्याचाच भाऊबंद, शेजारी किंवा त्याच्या शेतावर मजुरीला जाणारा असतो. शिवाय तक्रार, तांत्रिक पाहणी आणि आदेश हे टप्पे पार पडेपर्यंत उन्हाळा सरतो. टँकर पाठविणे प्रशासनाला विहीर बंद करण्यापेक्षा सोपे वाटते, कारण टँकरमुळे कोणी नाराज होत नाही.

भरपाई मोजायची कशी?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील एका अल्पभूधारकाची विहीर गावाच्या पाणीपुरवठा विहिरीपासून ४०० मीटरवर आहे. विहीर जुनी असल्याने ५०० मीटरचा प्रतिबंध तिला लागू होत नाही. पण एप्रिलमध्ये उपसा तात्पुरता बंद करण्याचा आदेश येतो. शेतात भुईमूग असेल तर नुकसान मोजणे तुलनेने सरळ आहे : अपेक्षित उत्पन्न, बाजारभाव, न झालेला खर्च वजा. परंतु तेथे मोसंबीची बाग असेल तर? दोन महिने पाणी न मिळाल्यास झाडे वाळतात. नुकसान एका बहराचे नसून बाग पुन्हा उभी राहीपर्यंतच्या सर्व वर्षांचे असते. ‘उभे पीक’ ही संकल्पना येथे अपुरी पडते.

दुसरी अडचण पुराव्याची आहे. अनेक विहिरी सामाईक असतात. भावाभावांत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, पण त्या कागदावर नसतात. विंधन विहिरीची नोंद सातबाऱ्यावर असेलच असे नाही. शेजाऱ्याकडून पाणी विकत घेऊन किंवा बटाईने शेती करणाऱ्याचे पीकही त्याच आदेशाने जळते. पण विहीर त्याच्या नावावर नसल्याने भरपाईच्या रांगेत त्याला स्थान मिळणे कठीण. म्हणजे भरपाईचा हक्क पाण्याच्या वापराशी न जोडता विहिरीच्या मालकीशी जोडला, तर जो अधिक दुर्बल आहे तोच वगळला जातो.

तिसरी अडचण तत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ अखेरीच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निर्णयात लोकविश्वस्त सिद्धान्त भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. नैसर्गिक संसाधनांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हा त्याचा आशय. भूजल जर अशा प्रकारे सर्वांचे असेल, तर त्याचा अतिरिक्त उपसा थांबविण्यासाठी मोबदला का द्यावा? यावर असे म्हणता येईल की, पाण्याची किंमत देण्याचे कारण नाही. परंतु प्रचलित कायद्यावर विसंबून शेतकऱ्याने केलेली गुंतवणूक, काढलेले कर्ज आणि लावलेले पीक यांची भरपाई देणे न्यायाला धरून आहे. पाणी आणि पाण्याच्या भरवशावर उभे केलेले जीवन यांत हा भेद करावाच लागेल.

दुसऱ्या प्रकारचा बाधित

केरळमधील पालक्काड जिल्ह्यातील प्लाचीमडा येथील प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे २००० मध्ये सुरू झालेल्या कोका-कोलाच्या कारखान्याच्या उपशाविरुद्ध पेरुमाट्टी ग्रामपंचायतीने भूमिका घेतली. केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने डिसेंबर २००३ मध्ये भूजल ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे मानून अमर्याद उपशाचा हक्क नाकारला. एप्रिल २००५ मध्ये खंडपीठाने मात्र जमीनमालकाच्या उपशाच्या हक्कास पुन्हा अधिक वजन दिले. कारखाना २००४ मध्येच बंद पडला होता. राज्य शासनाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने २०१० मध्ये परिसराच्या नुकसानीचा अंदाज २१६.२६ कोटी रुपये असा दिला. त्याच्या आधारे भरपाईचे दावे ठरविण्यासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापणारे विधेयक केरळ विधानसभेने फेब्रुवारी २०११ मध्ये संमत केले. परंतु त्यास राष्ट्रपतींची संमती मिळू शकली नाही. एका गावासाठी स्वतंत्र कायदा करावा लागणे आणि तोही अडणे, यातच सर्वसाधारण कायद्यातील उणीव स्पष्ट होते.

ज्या इंग्लंडकडून आपण मूळ तत्त्व घेतले, तेथे ते आता तसे राहिलेले नाही. १९६३ च्या जलसंपत्ती कायद्याने तेथे उपशासाठी परवाना पद्धती आणली व परवाना रद्द वा कमी केल्यास भरपाईची सोय केली. २००३ च्या जल कायद्याने दोन्ही बाजूंनी बदल केला. उपशामुळे ज्याचे नुकसान होईल त्याला उपसा करणाऱ्याविरुद्ध भरपाईचा दावा करता येऊ लागला. आणि पर्यावरणाची गंभीर हानी करणारे बेमुदत परवाने २०१२ नंतर भरपाईविना रद्द करण्याचा मार्ग खुला झाला. २०२१ च्या पर्यावरण कायद्याने हा अधिकार १ जानेवारी २०२८ पासून आणखी व्यापक केला आहे. पुरेशी पूर्वसूचना दिल्यावर भरपाईचे दायित्व क्रमाक्रमाने कमी करता येते, हा यातील धडा होय.

२००९ चा अधिनियम आणि गावांचा अनुभव

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ यास राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१४ मध्ये अंमलात आला. विहिरींची व विंधन यंत्रांची नोंदणी, ६० मीटर वा अधिक खोलीच्या विहिरींवर निर्बंध, अधिसूचित क्षेत्रातील खोल विहिरींवर उपकर, पाणलोट पातळीवरील समित्या, भूजल वापर व पीक नियोजन अशा व्यापक तरतुदी त्यात आहेत. पेयजल स्रोतांच्या संरक्षणापासून समग्र व्यवस्थापनाकडे झालेला हा प्रवास स्वागतार्ह आहे. नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होण्यास मात्र २०१८ साल उजाडले.

दुसरीकडे काही गावांनी कायद्याची वाट पाहिली नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणशी ठरविला, ऊस वर्ज्य केला आणि भूमिहीनालाही वाटा दिला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. तेथे निर्बंधाचा मोबदला रोखीत दिला गेला नाही. शेजारी उपसा करणार नाही ही हमी, आणि त्यामुळे आपल्या विहिरीला टिकणारे पाणी, हाच मोबदला ठरला.

समारोप

वरील विवेचनावरून काही सूचना मांडाव्याशा वाटतात. पहिली, भरपाईचा हक्क विहिरीच्या मालकाबरोबरच बटाईदार व पाणी घेणारा यांनाही असावा. दुसरी, फळबागांसाठी ‘उभ्या पिका’हून वेगळे मापन असावे. तिसरी, निर्बंधाची घोषणा पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी व्हावी. पीकच घेतले गेले नाही तर नुकसानही कमी आणि भरपाईही कमी. चौथी, खोल विहिरींवरील उपकराची रक्कम भरपाईच्या निधीसाठी राखून ठेवावी, म्हणजे अधिक उपसणाऱ्याकडून निर्बंधित शेतकऱ्याला मोबदला मिळेल. पाचवी, दुसऱ्याच्या उपशाने ज्याची विहीर आटली, त्याला उपसा करणाऱ्याविरुद्ध थेट दाद मागण्याचा हक्क कायद्याने द्यावा, आणि परिणाम होत नाही हे सिद्ध करण्याचा भार मोठ्या उपसाधारकावर टाकावा.

भरपाईविना निर्बंध घातला तर तो गावात पाळला जात नाही, आणि निर्बंधाविना दिलेली भरपाई तिजोरीला परवडत नाही. विहीर बंद होणारा शेतकरी आणि टँकरच्या रांगेतील विद्यार्थी हे एकाच पाणलोटाचे रहिवासी आहेत. या दोघांना एकमेकांविरुद्ध तक्रारदार व आरोपी म्हणून उभे करणारा कायदा यापूर्वी कागदावरच राहिला. दोघांच्याही नुकसानीचा हिशेब एकत्र मांडला, तरच पुढील कायदा शिवारापर्यंत पोहोचेल.