खलिया मऊ का होतो?

आज कोड नाही, मटण. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा नान खलिया. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या सैन्याबरोबर हा पदार्थ आला असं गावात सांगतात.

मागच्या महिन्यात बाबांना कवळी बसली. म्हणाले, "खलिया संपला बुवा आपला." मी म्हटलं, घरी करतो. मोठ्या आचेवर तासभर खळाखळा उकळला. मटण चिवट! बाबांनी नुसत्या तरीत नान बुडवून खाल्ला, बोलले काहीच नाहीत.

मग मी डीबग करायला बसलो. खांद्याच्या, नळीच्या मांसात कोलॅजन जास्त असतं. रश्शात साधारण 70 अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन बनतं. मांस मऊ होतं, रस्सा दाट. पण याला वेळ लागतोच. गॅस मोठा केला तरी उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या वर जात नाही. उकळ्या तेवढ्या वाढतात, पाणी आटतं. कुकरमध्ये दाबामुळे तापमान वाढतं, म्हणून तिथे लवकर शिजतं.

फ्रेंच लोकांचा 'रागू' याच तत्त्वावर चालतो. मांस आधी खरपूस परतायचं, कारण ती चव पाण्यात शिजवून येत नाही. मग थोडा रस्सा, वर झाकण, मंद आच.

रविवारी तसंच केलं. तीन तास. बाबांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "ती नळी दे इकडे."

तर मंडळी, घाई नको. भेटू पुढच्या भागात!