फोमच्या बंदुकीचे अंतरंग

अमेरिकेत १९७०च्या सुमारास 'नर्फ' हे नाव बाजारात आले, ते घरात खेळण्याच्या स्पंजच्या चेंडूसाठी. पुढे त्याच नावाने फोमच्या गोळ्या उडविणाऱ्या बंदुका निघाल्या आणि आता त्या आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांतही दिसतात. या बंदुकीचा नाद मोठ्यांनाही लागतो आणि नाद लागला की कधी ना कधी स्क्रू ड्रायव्हर हाती येतोच. मात्र ती खोलणारे बहुतेक जण पहिला हात घालतात तो स्प्रिंगला आणि तिथेच चुकते.

स्प्रिंगच्या बंदुकीची रचना सायकलच्या पंपासारखी असते. नळकांड्यात दट्ट्या असतो, चाप ओढताच स्प्रिंग त्याला पुढे लोटते आणि दाबली गेलेली हवा गोळीला ढकलते. म्हणजे गोळी उडते ती हवेमुळे. दट्ट्याभोवतीची रबरी कडी सैल असेल, तर निम्मी हवा बाजूनेच निसटते. मग स्प्रिंग कितीही जोरकस घाला, उपयोग थोडाच. नळकांड्याचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या पुढे रेटावा. तो अडून राहिला तर कडी चांगली. सुळकन पुढे गेला तर गळती आहे. अशा वेळी कडी काढून तिच्या खाचेत नळजोडणीची टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळावी. वंगण सिलिकॉनचेच हवे. खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगते आणि काही प्लास्टिकला तडे जातात.

खोलण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे आणि स्प्रिंग ताणलेली नाही, याची खात्री करावी. स्क्रूंची डोकी वर येतील अशी ती टेबलावर आडवी ठेवून वरचे कवच अलगद उचलावे. कवच हलत नसेल, तर जोर न लावता स्टिकरखाली दडलेला स्क्रू शोधावा. आतल्या भागांना हात लावण्याआधी मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. चापाजवळच्या बारीक स्प्रिंगा एकदा उडाल्या, की त्यांची जागा आठवत नाही.

अनेक बंदुकांत गोळीच्या मागे एक छोटी झडप असते. गोळी बसली तरच ती पूर्ण उघडते. ती काढली की वाट मोकळी होऊन गोळी दूर जाते, म्हणून हौशी मंडळी ती हमखास काढतात. पण रिकामी बंदूक झाडली असता हवेची जी गादी दट्ट्याला सावरते, तीही झडपेबरोबर जाते. मग दट्ट्या थेट प्लास्टिकवर आदळतो. जोरकस स्प्रिंगने हा आघात आणखी वाढतो आणि चापाचा खटकाही लवकर झिजतो.

बॅटरीवरच्या बंदुकांत दोन फिरत्या चाकांमधून गोळी फेकली जाते. तिथे साध्या पेन्सिल सेलच्या जागी त्याच आकाराचे लिथियम सेल घालण्याचा मोह होतो. साधा सेल दीड व्होल्टचा, लिथियमचा ३.७ व्होल्टचा. असे चार सेल जोडले, की ६ व्होल्टच्या जागी जवळपास १५ व्होल्ट मिळतात. बारीक तारा तापतात, मोटर जळते आणि सेलही पेट घेऊ शकतो.

वेग दुप्पट झाला, की गोळीची ऊर्जा चौपट होते. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा गोळ्यांनी डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हा बदल केलेली बंदूक लहान मुलांच्या हाती देऊ नये. चाचणी घेतानाही संरक्षक चष्मा लावावा, नेम जाड पडद्यावर धरावा. टोकाचा नारिंगी रंग मात्र तसाच राहू द्यावा. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे खेळणे आहे हे त्यावरूनच कळते.

कवच बंद करताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवावा. 'टक्' असा हलका आवाज आला, की तो जुन्या आट्यांत बसला असे समजून मग सुलटा आवळावा. थेट आवळल्यास प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि दोन-चार वेळा खोलल्यावर स्क्रू धरेनासाच होतो.