वारसा जपताना (भाग ५) : चुन्याला वेळ द्या

गेल्या आठवड्यात कायद्याची बाजू पाहिली. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट, हे २०१० च्या दुरुस्तीने पक्कं झालं. पण ढासळलेल्या तटाच्या सांध्यात काय भरायचं, हे शेवटी तिथे काम करणाऱ्या गवंड्याच्या हातात असतं. आपल्या गडांचं बरंच नुकसान दुरुस्तीच्या नावाखालीच झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना तट चुन्यात बांधलेला असतो. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, मुरू द्यायचा आणि मग वाळूबरोबर घाणीत मळायचा. बैल जुंपून फिरवायचं ते दगडी चाक आणि त्याचा गोल चर अनेक गडांवर आजही दिसतो. गूळ, बेलफळ, हिरडा असे जिन्नसही त्यात पडत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो. भिंतीत मुरलेलं पावसाचं पाणी त्यातून बाहेर पडू शकतं. दगड किंचित हलला, तर चुना ते सोसतो.

सिमेंट सोसत नाही. ते ओल कोंडून ठेवतं आणि मग पाणी दगडातून वाट काढतं. समुद्रकाठच्या जांभ्याच्या भिंतीत तर हे जवळून बघावं: सिमेंटची रेघ शाबूत, पुढे आलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड मात्र खळगा पडून आत गेलेला. खारं पाणी वाळताना मिठाचे स्फटिक होतात आणि तेच जांभ्याची भुकटी करतात. सांध्यातल्या चुन्याने झिजावं आणि दगडाने टिकावं, तर इथे नेमकं उलट होतं.

पिंपळ-उंबराची रोपं हा दुसरा त्रास. वरून छाटली की जोमाने फुटतात, उपटली की मुळांबरोबर चिरे निखळतात. सुट्टीच्या दिवशी गडावर राबणाऱ्या मुलांची तळमळ खरी आहे. पण संरक्षित वास्तूला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि जाणत्याचं मार्गदर्शन घ्यायलाच हवं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. त्यातले साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, बाकीचे केंद्राकडे. यादीबाहेरचे गड शेकड्यांनी आहेत. कुणी वनखात्याच्या हद्दीत, कुणी महसुलाच्या, आणि कित्येकांना संरक्षणच नाही. त्यांच्या वाट्याला निधी क्वचितच येतो, आणि आला तरी तो मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. चुन्याचं काम मात्र ओल्या गोणपाटाखाली दिवसेंदिवस जपावं लागतं आणि पावसाच्या बरंच आधी पुरं व्हावं लागतं. त्यामुळे अशा कामांचा निधी दिवाळीच्या सुमारास हाती यायला हवा आणि निविदेत चुना मुरवण्याचा अवधी स्वतंत्र धरायला हवा.

पुढच्या भागात : चुन्याचं काम जाणणारे गवंडी आणि त्यांची मजुरी.