हे कशावरून?
(ग्रंथालयांतून उपलब्ध होणाऱ्या नव्या संदर्भ-भांडारांविषयी नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय मला एका विद्यार्थिनीने दिला, असे म्हणावयास हरकत नाही. वाशीम जिल्ह्यातील एका शाळेत मी तेहेतीस वर्षे शिक्षक होतो. स्थानिक इतिहासाचा पाठ आला म्हणजे ‘आपले वाशीम हेच प्राचीन वत्सगुल्म, येथे वाकाटकांची राजधानी होती’ हे वाक्य मी दरवर्षी मोठ्या अभिमानाने सांगत असे. सेवानिवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीतील एक मुलगी उभी राहिली आणि तिने नम्रपणे विचारले, “गुरुजी, हे कशावरून?”

मी म्हणालो, “पुस्तकात आहे.”

“पण पुस्तकवाल्यांना कशावरून कळले?”

वर्गात हशा पिकला. मीही हसलो; परंतु घरी जाताना माझी मलाच लाज वाटली. जे वाक्य मी तीस-बत्तीस वर्षे शिकवीत आलो, त्याचा आधार मला स्वतःला ठाऊक नव्हता. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला मनुष्य. संशोधन हे विद्यापीठातील पंडितांचे काम, आपण त्यांनी दिलेले मुलांपर्यंत पोहोचवावे, अशी माझी समजूत होती. त्या मुलीच्या प्रश्नाने ती समजूत हलली. उत्तर द्यावयाचे तर राहूनच गेले होते. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला, तेव्हा मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढलो आणि तेथे, पुस्तकांच्या कपाटांपेक्षा एका संगणकापुढेच अधिक बसलो. त्या संगणकावर काय पाहावयास मिळते, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

इंग्रजीत ज्यास डेटाबेस म्हणतात त्यास आपण संदर्भ-भांडार म्हणू. जुन्या ग्रंथालयांत लहान लहान खणांची एक पेटी असे. प्रत्येक खणात पुठ्ठ्याची पत्रे. प्रत्येक पत्रावर ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव, प्रकाशनाचे वर्ष, विषय व कपाटाचा क्रमांक. संदर्भ-भांडार म्हणजे हीच पेटी. मात्र तीत ग्रंथांबरोबर नियतकालिकांतील एकेका लेखाची, एकेका प्रबंधाची, एकेका नकाशाचीही नोंद असते आणि पुष्कळदा त्या नोंदीमागे मूळ लेखनच उघडून वाचता येते. काही ठिकाणी केवळ सारांश असतो. पूर्ण मजकुरासाठी पैसे पडतात.

आता कोणी म्हणेल, हे तर भ्रमणध्वनीवर गूगलही दाखविते. दाखविते, यात शंका नाही. परंतु दोहोंत भेद आहे. गूगलपुढे शब्द टाकला म्हणजे जगातील बरे-वाईट सर्व लेखन त्याच्या स्वतःच्या हिशेबाने पुढे-मागे मांडले जाते. संदर्भ-भांडारात काय घ्यावे व काय घेऊ नये, याची जबाबदारी कोणीतरी पत्करलेली असते, आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव, गाव व साल लिहून ठेवलेले असते. बाजारात मिळालेल्या ऐकीव बातमीत आणि साक्षीदाराच्या सहीनिशी दिलेल्या जबानीत जे अंतर, तेच येथे समजावे.

अशा सूचीचे माहात्म्य कळण्यास आपणांस दूर जावयास नको. आमच्याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन मंदिरांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते जपून ठेवलेली होती. गावातील भाविकांना ती ठाऊक होती. विद्वानांच्या जगाला मात्र त्यांची फारशी वार्ता नव्हती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली व ती १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली. तीत कारंजाच्या पोथ्यांच्या नोंदी होत्या. पुढे थोड्याच वर्षांत डॉ. प. ल. वैद्य यांनी ‘जसहरचरिउ’ १९३१ साली, आणि प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली व ‘करकंडचरिउ’ १९३४ साली संपादून कारंजाच्या ग्रंथमालेतून छापले. अपभ्रंश भाषेचे हे धन अभ्यासकांच्या हाती आले. पोथ्या जेथल्या तेथेच होत्या; त्या कोठे आहेत हे जगाला कळले, एवढाच काय तो फरक. ग्रंथ असणे ही एक गोष्ट आणि तो सापडणे ही दुसरी.

आज अशी सूची घरबसल्या पाहता येते. त्यांपैकी फुकट खुल्या असलेल्या काही भांडारांचा परिचय करून देतो. पहिले, भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. खरगपूरच्या आय. आय. टी. ने ते उभारले व १९ जून २०१८ रोजी ते राष्ट्रास अर्पण झाले. ठिकठिकाणच्या संग्रहांची ती एक एकत्र सूचीच होय. भाषा, इयत्ता व विषय यांप्रमाणे ती चाळून घेता येते. म्हणून शालेय विद्यार्थ्यांस ती विशेष सोयीची. दुसरे, ‘शोधगंगा’. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला की, पीएच. डी. च्या प्रबंधाची प्रत संगणकीय स्वरूपातही द्यावी. ते प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राने येथे सर्वांस वाचावयास ठेवले आहेत. पूर्वी प्रबंध पाहावयाचा तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन परवानगी काढावी लागे.

मराठीपुरते बोलावयाचे तर मराठी विश्वकोशाचे वीस खंड, ज्यांतील पहिला १९७६ साली निघाला, आता संकेतस्थळावर वाचता येतात. डॉ. श्री. व्यं. केतकरांचा तेवीस भागांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ही तसाच उपलब्ध आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकून पाहता येतात. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये जुन्या मराठी-इंग्रजी ग्रंथांच्या छायाप्रती इतक्या आहेत की, आमच्या तालुक्यातील सर्व वाचनालये एकत्र केली तरी तेवढी भरावयाची नाहीत.

एवढे सर्व असूनही पहिल्या दिवशी माझ्या हाती काहीच लागले नाही. इंग्रजी अक्षरांत ‘वाशीम’ लिहून शोधले की अलीकडच्या बातम्या व शेतीचे अहवाल येत. प्राचीन असे काही नाही. शेजारी बसलेल्या तरुण ग्रंथपालाने थोडा वेळ माझी खटपट पाहिली आणि म्हटले, “गुरुजी, इंग्रज या गावास वाशीम म्हणतच नव्हते. ‘डब्ल्यू’ काढा, ‘बी’ लिहा. बासिम.” मी तसे केले, आणि एखाद्या बंद वाड्याचे दार उघडावे तसे झाले. १९०५ पर्यंत बासिम नावाचा स्वतंत्र जिल्हाच होता. त्या साली तो मोडून त्याचा मुलूख शेजारच्या जिल्ह्यांत घातला गेला. म्हणून १९१० च्या गॅझेटियरमध्ये वाशीमची हकीकत अकोला जिल्ह्याच्या पोटात सापडते. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघाला. तेव्हा वाशीमचा अभ्यास करणाऱ्याने ‘वाशीम’, ‘बासिम’, ‘अकोला’ आणि ‘वत्सगुल्म’ या चारही नावांनी हाक मारली पाहिजे. भांडार हे आज्ञाधारक पण अल्पबुद्धी नोकरासारखे आहे. जे नाव सांगाल तेच आणील.

जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. छायाप्रती घेताना पुष्कळ ग्रंथांची नावे रोमन लिपीत, तीही तऱ्हेवाईक रीतीने नोंदली गेली आहेत. आणि जुन्या देवनागरी छपाईतील अक्षरे यंत्रास बिनचूक वाचता येतातच असे नाही. म्हणून ग्रंथाच्या नावाने न सापडल्यास कर्त्याच्या आडनावाने, त्यानेही न सापडल्यास सालाने व विषयाने शोधावे.

असो. मला काय सापडले ते सांगतो. १९३९ साली वाशीम येथे काही ताम्रपट मिळाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी एका सहकाऱ्यासह त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या नियतकालिकाच्या २६ व्या खंडात प्रसिद्ध केले, आणि पुढे १९६३ साली निघालेल्या त्यांच्या वाकाटक लेखसंग्रहात ते पुन्हा छापले गेले. हे दान वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिले. आरंभीची वंशावळ संस्कृतात व पुढील मजकूर प्राकृतात आहे; आणि मुख्य गोष्ट ही की, शासन वत्सगुल्माहून दिले, असे त्यातच म्हटले आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’तही विदर्भातील वत्सगुल्माचा उल्लेख आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या ‘कशावरून?’ला हे उत्तर होते: तांब्याच्या पत्र्यांवरून.

परंतु त्याच पानांनी माझी एक चूकही माझ्या पदरात घातली. वाकाटकांच्या दोन शाखा होत्या. थोरली शाखा नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, व पुढे प्रवरपूर येथून राज्य करीत असे. वत्सगुल्म ही दुसऱ्या शाखेची राजधानी. मी मात्र इतकी वर्षे मुलांना असे भासवीत आलो होतो की, सर्व वाकाटक आमच्याच गावी नांदत होते. अभिमान खोटा नव्हता. वाक्य अपुरे होते. आधार शोधावयास गेलेल्या मनुष्यास आधाराबरोबर मर्यादाही सापडते, हा या भांडारांचा मोठा उपकार.

आता एक तक्रारीची गोष्ट. जगातील नवे संशोधन ज्या नियतकालिकांत येते, त्यांपैकी पुष्कळांची वर्गणी एखाद्या वाचनालयास स्वप्नातही परवडणार नाही. केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. १ जानेवारी २०२५ पासून तिचा लाभ शासकीय उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था अशा सुमारे ६,३०० ठिकाणी मिळावा, अशी तिची रचना आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु तिच्या या पहिल्या टप्प्यात शाळा नाहीत आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत अनुदान घेणारी आमची सार्वजनिक ग्रंथालयेही नाहीत. अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानाने १९९५ साली ‘गॅलिलिओ’ नावाची व्यवस्था सुरू केली. महाविद्यालयांसाठी निघालेली ती व्यवस्था पुढे शाळा व सार्वजनिक ग्रंथालये यांसही मिळाली, आणि तेथील सामान्य वाचकास आपल्या ग्रंथालयामार्फत अशी भांडारे उघडता येऊ लागली. जे ज्ञान सर्वांच्या करातून विकत घेतले जाते, त्याची एक किल्ली गावच्या वाचनालयाच्या मेजावरही असावी, ही मागणी काही अवाजवी नव्हे.

आणि किल्लीबरोबर वाटाड्याही पाहिजे. ‘बासिम’ हा शब्द मला यंत्राने सुचविला नाही. अल्प वेतनावर काम करणाऱ्या त्या ग्रंथपालाने सुचविला. अलीकडे प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर रचून देणारी यंत्रेही निघाली आहेत. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. परंतु कधी कधी ती अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नावही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. त्यांनी दिलेला संदर्भ भांडारात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून वहीत उतरवू नये.

घरोघरच्या आईबापांस माझी विनंती एवढीच. मुलास शाळेतून प्रकल्प मिळाला म्हणजे त्यास प्रथम आपला प्रश्न एका वाक्यात लिहावयास सांगावे. मग त्या विषयाची दोन-तीन निरनिराळी नावे काढावी. एक भांडार निवडून शोधावे. सापडलेल्याची नोंद कर्ता, ग्रंथ, साल व पृष्ठ यांसह करावी. आणि दुसऱ्या स्वतंत्र आधाराशी ती ताडून पाहावी. अडल्यास ग्रंथपालास विचारण्यात कमीपणा मानू नये. यात दोन संध्याकाळी जातील. चित्रे कापून चिकटविण्यात तेवढ्याच जातात.

ती मुलगी आता अमरावतीस महाविद्यालयात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली, तेव्हा मी माझे उत्तर आधारांसह एका कागदावर लिहून तिच्या हाती दिले. तिने ते उभ्या उभ्या दोनदा वाचले, नमस्कार केला आणि म्हणाली, “गुरुजी, खंड लिहिला आहे, पृष्ठांक राहिला.”

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच मी पृष्ठांक पाहून आलो.